१७६६३१९०४९ : भास्कराचार्यांची एक संख्या आणि तिच्यापर्यंतची वाट

या टिपणाचा विषय आहे एक संख्या: १,७६,६३,१९,०४९. एकशे शहात्तर कोटी, त्रेसष्ट लाख, एकोणीस हजार एकोणपन्नास. आजच्या हिशेबाने ही काही फार मोठी संख्या नाही. एखाद्या नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातही यापेक्षा मोठे आकडे सापडतात. पण इ.स. ११५० मध्ये ती एका संस्कृत ग्रंथात, एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर म्हणून, शेवटच्या अंकापर्यंत अचूक लिहिलेली आहे. ती शोधून मिळण्यासारखी नाही, तिच्यापर्यंत रीतीनेच जावे लागते. म्हणून तिचा इतिहास वाचताना आधी थोडे गणित करावे लागेल. हातात कागद-पेन्सिल असू द्या.

प्रश्न असा आहे. एक पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा, एक मिळवा. येणारी संख्या पुन्हा पूर्ण वर्ग असली पाहिजे. आपल्या जुन्या ग्रंथांच्या भाषेत ६१ ही ‘प्रकृती’, जिचा वर्ग आपण ६१ ने गुणतो ती ‘कनिष्ठ’, उत्तरातल्या वर्गाचे मूळ म्हणजे ‘ज्येष्ठ’ आणि मिळवायची संख्या म्हणजे ‘क्षेप’. या साऱ्या प्रकरणाचे नाव ‘वर्गप्रकृती’. कनिष्ठाला क आणि ज्येष्ठाला ज म्हटले तर

ज² = ६१क² + १

शून्य सोडून सर्वांत लहान क कोणता?

आधी ६१ चे शेजारी पाहा. ६० साठी क = ४, ज = ३१ : ६० × १६ + १ = ९६१. ६२ साठी क = ८, ज = ६३ : ६२ × ६४ + १ = ३९६९. दोन्ही तोंडी होतात. साहजिकच वाटते की ६१ साठीही उत्तर असेच कुठेतरी दहा-वीसच्या आत असेल. प्रत्यक्षात सर्वांत लहान उत्तर आहे

क = २२,६१,५३,९८०
ज = १,७६,६३,१९,०४९

दोन शेजारी दारात उभे आणि मधला साडेबावीस कोटींच्या पलीकडे. समजा कोणी १, २, ३ असे क एकेक करून तपासत बसला, एका मिनिटाला एक, न झोपता, तर त्याला सुमारे ४३० वर्षे लागतील. भास्कराचार्यांच्या काळी सुरुवात केली असती तर अकबराच्या काळात उत्तर हाती आले असते.

संगणक आहे ना, असे तुम्ही म्हणाल. मी हथखोजला राहते. भिलाईची ही औद्योगिक वसाहत, आणि माझे विद्यार्थी बहुतेक यंत्र आणि वीज शाखांचे. हा प्रश्न मी त्यांना दरवर्षी प्रोग्रॅम लिहायला देते आणि दरवर्षी तीच गंमत होते. कोणी बत्तीस बिटांचा साधा पूर्णांक वापरतो. क ५९३३ च्या पुढे गेला की ६१क² त्यात मावत नाही, आकडा उलटून ऋण होतो आणि पुढे सगळा घोळ. कोणी दशांश संख्यांचा ‘डबल’ प्रकार वापरतो. तो जास्त घातक, कारण तो तक्रार करत नाही. आपल्या उत्तरात ज² ची किंमत आहे ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१. एवढ्या मोठ्या ठिकाणी ‘डबल’मधल्या लागोपाठच्या दोन संख्यांत ५१२ चे अंतर असते. म्हणजे ६१क² आणि ६१क² + १ हे दोन्ही त्याला एकच दिसतात! ज्या ‘एक’साठी सगळा खटाटोप, तोच गळून पडतो, आणि प्रोग्रॅम भलत्याच जोडीला ‘बरोबर’ म्हणू शकतो. चौसष्ट बिटांचा पूर्णांक घेतला तर मात्र सगळे मावते आणि काम होते. एका मुलाने एकदा चुकीचे उत्तर आणून दाखवले तेव्हा मी त्याला फक्त एकक स्थानचे अंक तपासायला सांगितले. दोन्ही बाजूंचे एकक जुळत नव्हते. नऊशे वर्षांपूर्वी हीच ताळ्याची सोय होती, आणि आजही ती फुकट आहे.

आता रीतीकडे वळू.

भावना आणि चक्रवाल

पहिला मोठा टप्पा ब्रह्मगुप्ताचा. इ.स. ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात त्याने दाखवले की अशा दोन त्रिकुटांवरून तिसरे बनवता येते. पहिल्यात कनिष्ठ, ज्येष्ठ, क्षेप आहेत, दुसऱ्यातही आहेत. तिरपे गुणाकार करून बेरीज केली की नवा कनिष्ठ. ज्येष्ठांचा गुणाकार अधिक प्रकृती गुणिले कनिष्ठांचा गुणाकार, हा नवा ज्येष्ठ. आणि नवा क्षेप म्हणजे दोन्ही क्षेपांचा गुणाकार. या क्रियेला ‘भावना’ म्हणतात. आज बीजगणितात आपण दोन घटकांपासून त्याच जातीचा तिसरा घटक देणाऱ्या क्रियांचा अभ्यास करतो. त्या दृष्टीने भावना हे फार जुने आणि फार स्वच्छ उदाहरण आहे.

शेजारच्या ६२ वर ती चालवून पाहू. ८² − ६२ × १² = २, म्हणून त्रिकूट (१, ८; २). त्याची स्वतःशीच भावना केली की (१६, १२६, ४). क्षेप ४ हा २ चा वर्ग आहे, म्हणून कनिष्ठ-ज्येष्ठांना २ ने भागा : (८, ६३, १). झाले. ६० साठी ८² − ६० = ४, आणि तिथेही एका भावनेत काम होते. ६१ साठी मात्र ८² − ६१ = ३. हा ३ त्रास देतो. स्वतःशी भावना केली की (१६, १२५, ९), आणि १६ ला ३ ने भाग जात नाही. साठ आणि बासष्ट सोपे का आणि एकसष्ट अवघड का, याचे पहिले कारण इथे दिसते.

अडकल्यावर पुढे कसे जायचे, हे चक्रवाल सांगते. त्रिकूट (१, ८, ३) आहे. त्याची भावना (१, म, म² − ६१) या त्रिकुटाशी करा, हे दुसरे त्रिकूट कोणत्याही म साठी आपोआप खरे असते. क्षेप होतो ३ × (म² − ६१). आता सगळ्याला ३ ने भागायचे, म्हणजे क्षेपाला ९ ने भाग जाईल आणि उरेल (म² − ६१) ÷ ३. दोन अटी : नवा कनिष्ठ, म्हणजे (म + ८) ÷ ३, पूर्ण आला पाहिजे, आणि म² हा ६१ च्या जितका जवळ असेल तितका बरा. पहिल्या अटीसाठी ‘कुट्टक’ ही जुनी रीत आहेच. म ला १, ४, ७, १० हे पर्याय आहेत. ४९ आणि ६१ यांत १२ चा फरक, १०० आणि ६१ यांत ३९ चा. म्हणून म = ७.

कनिष्ठ (७ + ८) ÷ ३ = ५. ज्येष्ठ (८ × ७ + ६१) ÷ ३ = ३९. क्षेप (४९ − ६१) ÷ ३ = −४. ताळा : ३९² = १५२१, ६१ × २५ = १५२५. बरोबर चारने कमी.

एकाच फेरीत क्षेप −४ मिळाला. इथे भास्कराचार्य ब्रह्मगुप्ताची जुनी युक्ती वापरतात. २ ने भागून (५/२, ३९/२, −१) असे अपूर्णांकांचे त्रिकूट करतात, आणि मग भावनांवर भावना :

स्वतःशी भावना : (१९५/२, १५२३/२, १)
त्याची पहिल्याशी भावना : (३८०५, २९७१८, −१)
त्याची स्वतःशी भावना : (२२६१५३९८०, १७६६३१९०४९, १)

चक्रवालाची एक फेरी आणि तीन भावना, बस. क्षेप १ तर दुसऱ्याच ओळीत आला होता, पण अपूर्णांकात. तो अपूर्णांक जायला आणखी दोन पायऱ्या लागल्या, आणि त्या दोन पायऱ्यांत संख्या चार अंकांवरून दहा अंकांवर गेली. ही सगळी पायवाट बीजगणित या ग्रंथात भास्कराचार्यांनी स्वतः मांडली आहे. मी माझ्या पदरचे फक्त स्पष्टीकरण घातले आहे.

या वाटेमुळेच आपल्या संख्येचे काही गुण उघडे पडतात. तिच्यातून १ वजा करा : १७६६३१९०४८ = २ × २९७१८². तिच्यात १ मिळवा : १७६६३१९०५० = २ × ६१ × ३८०५². म्हणजे ही संख्या एका वर्गाच्या दुपटीच्या आणि दुसऱ्या वर्गाच्या १२२ पटीच्या बरोबर मध्ये बसलेली आहे. नुसते दहा अंक पाहून हे कोणाला सुचणार? शेवटून दुसरे त्रिकूट पाहिले की मात्र ते सरळ दिसते. आणखी एक : ज ला क ने भागले तर ६१ चे वर्गमूळ दशांशचिन्हानंतर १७ घरांपर्यंत बरोबर मिळते, ७.८१०२४९६७५९०६६५४३९… शुल्बसूत्रांत २ च्या वर्गमूळासाठी ५७७/४०८ हा अपूर्णांक निघतो. ५७७² आणि ४०८² ची दुप्पट यांत फरक नेमका एकाचा आहे, तेव्हा तोही याच कुळातला.

कोणाची रीत?

इथे मला थोडे थांबून बोलायचे आहे, कारण दर काही महिन्यांनी मोबाइलवर एक संदेश फिरत येतो : भास्कराचार्यांनी हे सगळे एकट्याने शोधले आणि युरोपने ते चोरले. दोन्ही वाक्ये तपासून पाहू.

भास्कराचार्य स्वतः म्हणतात की या रीतीला ‘चक्रवाल’ असे म्हणतात. म्हणणारे कोणीतरी आधीचे होते. ते कोण, हे बराच काळ माहीत नव्हते. १९५४ मध्ये कृपाशंकर शुक्ल यांनी उदयदिवाकराच्या ‘सुन्दरी’ या १०७३ मधल्या टीकेतून जयदेव नावाच्या गणितज्ञाचे श्लोक प्रकाशात आणले. त्यांत चक्रवालाची रीत आहे. (गीतगोविन्दाचा कवी जयदेव वेगळा.) म्हणजे रीत भास्कराचार्यांच्या किमान पाऊणशे वर्षे आधीची. भास्कराचार्यांचे मोठेपण यात की ती त्यांनी थोडक्यात आणि शिकवता येईल अशी मांडली, आणि उदाहरणासाठी नेमका ६१ निवडला. हा निवडीचा डोळा शिक्षकाचा आहे. ६० निवडला असता तर रीतीची गरजच कळली नसती.

आता युरोप. फेब्रुवारी १६५७ मध्ये पिएर द फर्मा याने गणितज्ञांना आव्हान दिले : वर्ग नसलेली कोणतीही संख्या घेऊन हे समीकरण सोडवा. मित्र फ्रेनिकल याला लिहिताना त्याने फार त्रास होऊ नये म्हणून ‘लहान’ संख्या सुचवल्या, ६१ आणि १०९. यातला खट्याळपणा तुम्हाला आता कळेल. इंग्लंडमध्ये विल्यम ब्राउंकर आणि जॉन वॉलिस यांनी रीत शोधली. पुढे ऑयलरने चुकून तिचे श्रेय जॉन पेल याला दिले आणि ‘पेलचे समीकरण’ हे नाव जगभर चिकटले. पेलचा यात हात जवळजवळ नाहीच. ज्याने सोडवले नाही त्याच्या नावावर समीकरण राहिले, असा हा प्रकार.

फर्माने ६१ कुठून घेतला? बीजगणिताचे फारसी भाषांतर शाहजहानच्या काळात, १६३४-३५ मध्ये अताउल्ला रशीदी याने केले होते खरे. पण ते किंवा त्याची बातमी फर्मापर्यंत पोहोचल्याचा पुरावा नाही. शंभरच्या आतल्या संख्यांत ६१ चे उत्तर सर्वांत मोठे आहे. जो कोणी कोष्टक करायला बसेल त्याची नजर ६१ वर अडणारच. दोन माणसे पाचशे वर्षांच्या अंतराने एकाच खड्ड्यापाशी थांबली, कारण खड्डा तिथेच होता. बीजगणित इंग्रजीत आले ते एडवर्ड स्ट्रेची (१८१३, फारसीवरून) आणि हेन्री कोलब्रुक (१८१७, थेट संस्कृतवरून) यांच्यामुळे. मग युरोपातल्या गणितज्ञांनी मोकळेपणाने दाद दिली. जर्मन इतिहासकार हेर्मान हांकेल याने लाग्रांजपूर्वीच्या संख्याशास्त्रातली सर्वांत सुंदर गोष्ट म्हणून चक्रवालाचा गौरव केला.

लाग्रांजचे नाव आले ते एका कारणाने. ही रीत प्रत्येक वेळी उत्तरापर्यंत पोहोचतेच, याची सिद्धता ना जयदेवाने दिली ना भास्कराचार्यांनी. आपल्या टीकाकारांनी उपपत्ती दिल्या. विदर्भातल्या दधिग्रामाहून काशीला गेलेल्या घराण्यातला कृष्ण दैवज्ञ याची १६०० च्या सुमाराची बीजगणितावरची टीका त्यासाठी प्रसिद्ध आहे. पण उपपत्ती म्हणजे प्रत्येक पायरी बरोबर का, याचे कारण. ‘फेऱ्या कधीतरी थांबतातच’ हे वेगळे विधान आहे. समीकरणाला नेहमी उत्तर असते हे लाग्रांजने १७६८ च्या सुमारास परंपरित अपूर्णांक वापरून सिद्ध केले. ६१ च्या बाबतीत त्या अपूर्णांकाची अकरा पदांची आवृत्ती दोनदा फिरवावी लागते. आणि खुद्द चक्रवालाची सिद्धता? ती म्हैसूरचे गणिताचे प्राध्यापक ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात दिली. कवी ए. के. रामानुजन यांचे ते वडील. रीत अकराव्या शतकातली, सिद्धता विसाव्या. यात कोणाला कमीपणा नाही, पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात ठेवावे. आपण अनेकदा ‘चालते ना’ एवढ्यावर थांबतो.

पाटणचा मठ

मराठी वाचकाला या कथेतला सर्वांत जवळचा भाग खानदेशात सापडतो. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड नावाच्या गावचे आपण, असे ते सांगतात. हे गाव नेमके कोणते यावर विद्वानांत वाद आहे आणि तो इथे सोडवायची गरज नाही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथल्या देवीच्या देवळात एक शिलालेख आहे. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रकाशात आणला आणि १८६५ मध्ये त्याविषयी लिहिले. पुढे कीलहॉर्न यांनी तो संपादित केला. शके ११२८ चा, म्हणजे भास्कराचार्यांच्या ग्रंथानंतर साधारण साडेपाच दशकांचा हा लेख. भास्कराचार्यांचे घराणे त्यात पिढ्यांसह दिले आहे : मुलगा लक्ष्मीधर हा यादव राजा जैत्रपालाकडे होता, नातू चांगदेव हा सिंघणाचा राजज्योतिषी. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापन केला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले.

लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण शेवटी भाषा बदलते. दानाचा व्यवहार जुन्या मराठीत लिहिलेला आहे. मराठीच्या जुन्या कोरीव लेखांत तो मोलाचा मानला जातो. पाटणच्या बाजारात जो माल विकायला येईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे मिळायचे, ते मठाला दिले आहे, अशा अर्थाचा मजकूर तिथे आहे. वंशाची प्रशस्ती संस्कृतात आणि पैशाची बाब मराठीत, कारण ती बाजारातल्या माणसांना कळायला हवी होती.

मला हे वाचताना नेहमी मठातला एखादा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आठवतो, म्हणजे दिसतो. त्याच्या जेवणाचा खर्च खालच्या बाजारातल्या उलाढालीतून येतो आणि तो पाटीवर धूळ पसरून २९७१८ ला ३८०५ ने गुणतो आहे. त्याने काय शिकले याची नोंद नाही. पण बीजगणित त्या मठात शिकवले गेले असेल, तर ६१ चे उदाहरण टाळून पुढे जाता आले नसते.

पुढेही ही साखळी शिकवण्यामुळेच टिकली. बापूदेवशास्त्री नागपुरात लीलावती आणि बीजगणित शिकले, आणि मग काशीच्या संस्कृत महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर गणित शिकवले. त्या काळी आमचा हा छत्तीसगडचा मुलूखही नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातच होता, १८५४ पर्यंत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथ १८९६ चा; भास्कराचार्यांविषयी मराठीत शांतपणे, पुराव्यानिशी वाचायचे असेल तर आजही तिथून सुरुवात करावी.

हा प्रश्न जुना झालेला नाही. एखाद्या प्रकृतीसाठी उत्तर किती मोठे असेल हे आधी झटकन सांगणारे साधे सूत्र आजही नाही. प्रकृती मोठी असेल तर उत्तर नुसते लिहायलाच इतकी जागा लागते की साध्या संगणकाचा निभाव लागत नाही. २००२ मध्ये शॉन हॉलग्रेन याने या समीकरणासाठी क्वांटम संगणकावर वेगाने चालणारी रीत दिली, आणि क्वांटम रीतींच्या पाठ्यपुस्तकांत ती आता शिकवतात.

करून पाहा

फर्माची दुसरी संख्या, १०९, तुमच्यासाठी ठेवली आहे. १०² − १०९ = −९ इथून सुरू करा. म ला क्रमाने ८, १२, ९ घ्या. हेच का, ते स्वतः पडताळा. क्षेप −९ वरून ५, मग ७, मग −४ असा येईल, आणि तिसऱ्या फेरीअखेर तुमच्या हाती (२५, २६१; −४) असेल. पुढच्या तीन भावना वर ६१ साठी केल्या तशाच. मधली तपासणी : ८५१५२५ आणि ८८९०१८२ ही जोडी आली पाहिजे, क्षेप −१ सह. शेवटचा कनिष्ठ १५१४०४२४४५५१०० आणि ज्येष्ठ १५८०७०६७१९८६२४९. एका तासाच्या आत हाताने होते. गुणाकार करताना हातचा विसरू नका, आणि प्रत्येक ओळीनंतर एकक स्थानचा अंक ताडून पाहा.